कोरडं वजन

मोनालीवर पहिला संशय तृप्तीनं घेतला नव्हता. तो काट्यानं घेतला.

काटा गोठ्यातून धारेच्या खोलीकडे जाणाऱ्या अरुंद वाटेत जमिनीसपाट बसवलेला होता. संध्याकाळी दुभत्या, गाभण, सगळ्या शेळ्या एकामागून एक त्याच्यावरून चालत जायच्या. चार पावलं पडेपर्यंत कानातल्या बिल्ल्यावरून शेळीची ओळख पटायची, वजन नोंदलं जायचं, वरचा कॅमेरा पाठीची रुंदी मोजायचा आणि शेळी धारेच्या ओट्यावर चढते तोवर तिच्यापुढच्या पाटीत तिच्या वाट्याची कांडी पेंड पडलेली असायची. ना कुणी मापटं हातात घ्यायचं, ना कुणी अंदाज करायचा.

शेळ्या मोठ्या होत्या. विलायती सानेन आणि देशी संगमनेरी यांच्या संकरातून, माणदेशाचं ऊन सोसेल असं वाण निवडून तयार केलेल्या; पांढऱ्याशुभ्र आणि कालवडीसारख्या उंच. त्यांचं दूध तान्ह्या मुलांच्या पावडरीसाठी जायचं, म्हणून दूध संघाचे नियम कडक होते. प्रत्येक शेळीच्या वयाप्रमाणे, वेतांप्रमाणे, गाभणपणाच्या महिन्याप्रमाणे तिच्या वजनाची एक रेघ ठरलेली असायची. शेळी रेघेखाली घसरली तर दूध आटतं आणि आजार शिरतो. रेघेच्या फार वर गेली तर चरबी आत, आतड्यांभोवती साठते आणि विताना शेळी अडते. त्यामुळे वजन खाली आलं की काटा खुराक वाढवायचा, वर गेलं की कमी करायचा. तृप्तीला हा हिशेब पहिल्या दिवसापासून आवडला होता. ती रसायनशास्त्राची पदवीधर होती आणि अंदाजानं चाललेली कामं तिला बेचैन करायची.

मागच्या वर्षी संघानं काट्याला आणखी एक काम दिलं. वजन का घसरलं, हे शोधायचं. त्यासाठी गोठ्यातलं जे जे मोजता येतं ते सगळं त्याच्यापुढे ठेवलं गेलं. हवेतली उष्णता, पेंड कुठल्या घाण्यातली, धारेची वेळ, टाकीतून गेलेलं पाणी आणि गोठ्यात कोण होतं तेही. कशामुळे काय होतं हे काट्याला कळत नव्हतं. कशासोबत काय होतं एवढंच कळत होतं, आणि ते मात्र तो फार बारकाईनं पाहायचा.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी भिंतीवरच्या पडद्यावर ओळ आली : 'काळजीवाहक दोन यांच्या पाळीत सातत्यानं वजनघट.' शेजारी केशरी ठिपका.

काळजीवाहक एक म्हणजे तृप्ती. काळजीवाहक दोन म्हणजे तिची धाकटी जाऊ, मोनाली. दोघींचे नवरे चाकणला कारखान्यात. घरी या दोघी, मोनालीची शाळेत जाणारी मुलगी आणि सासरे. एक आठवडा गोठा तृप्तीकडे, एक मोनालीकडे, अशी पाळी काटा बसायच्या आधीपासून होती.

तृप्तीनं ती ओळ बोटानं पुसली आणि मोनालीला काही सांगितलं नाही.

मग ती पाहायला लागली.

मोनालीच्या पाळीत ती काही ना काही निमित्त काढून गोठ्यात जायची. घमेलं हवंय, झाडू कुठे आहे. मोनाली शेळ्यांशी बोलत धार काढत असायची. "ए मडम, पाय! पाय खाली! आली मोठी विलायतेची." मडम ही कळपातली सगळ्यात थोराड शेळी. मोनालीनं तिला करडू असताना बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. आता ती गाभण होती. डॉक्टरांनी पोटात दोन करडं सांगितली होती.

दिसायला सगळं ठीक होतं. पण काय दिसतं यावर आता तृप्तीचा भरवसा राहिला नव्हता. मोनालीच्या माहेरीही शेळ्या होत्या, आणि त्यांना कांडी पेंड परवडत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पाटीत पडलेली पेंड शेळीनं खाल्ली की कुणी काढून घेतली, हे काट्याला दिसत नव्हतं. तेवढीच एक जागा आंधळी होती.

एकदा दुपारी मोनाली शाळेच्या सभेला चालत गेली असताना तृप्तीनं तिच्या स्कूटरची डिकी उघडली. आत मुलीचा स्वेटर, हवेचा पंप आणि तळाच्या कोपऱ्यात पेंडीच्या पाच-सहा कांड्या.

पंप उजव्या हातानं उचलून तिनं त्या डाव्या मुठीत घेतल्या. याच स्कूटरवरून पेंडीचं पोतं गावातून येतं आणि ते आणायला आपणच मोनालीला पाठवतो, हे तिला त्या क्षणीही माहीत होतं. तरी मूठ उघडली नाही.

वळली तर फाटकात मोनाली उभी.

"काय सापडलं, ताई?"

"काही नाही. पंप बघत होते."

"पंप उजव्या हातात आहे. डाव्या हातात काय आहे?"

तृप्तीनं मूठ उघडली. मोनालीनं कांड्यांकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडच्या गोठ्याकडे.

"किती दिवस चाललंय हे?"

"काटा दाखवतोय, मोनाली. मी नाही म्हणत. तुझ्या पाळीला वजन उतरतं. प्रत्येक पाळीला. माझ्या पाळीला उतरत नाही."

"आणि म्हणून मी पेंड चोरते."

"मी असं म्हटलं नाही."

"डिकी उघडून म्हणायचं आणखी काय राहिलं?" मोनालीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुमच्या पाळीला वजन का उतरत नाही ते मामांना विचारा की. तुमच्या पाळीला ते गोठ्यातून हलत नाहीत. माझ्या पाळीला इकडं फिरकतात तरी का?"

सासऱ्यांना दोघीही मामा म्हणायच्या. ते तृप्तीकडे झुकलेले होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिनं शिकलेल्या बाईच्या डोक्यानं गोठा वर आणला असं ते पारावर सांगायचे. तृप्तीला वाटलं, बोच तीच. तिनं मामांना विचारलं नाही.

तरी एक गोष्ट तिनं केली. काटाच चुकत असेल तर? पेंडीचं सीलबंद पोतं तिनं काट्यावर ठेवलं. बरोबर. मग स्वतः उभी राहिली, मग पोतं घेऊन उभी राहिली. काटा तंतोतंत होता. त्याच्यावर शंका घ्यायला जागा उरली नाही, आणि ज्याच्यावर घेता येत होती ते एकच माणूस उरलं.

पुढच्या आठवड्यात संघाचा संदेश आला. काळजीवाहक दोन यांना पाळीतून कमी करण्यात यावं. गोठ्यात दोघींची नोंद होती, त्यामुळे एकीला काढायचं तर दुसरीची संमती लागायची. वेळेत उत्तर आलं नाही तर गोठ्याचं दूध बाळांच्या पावडरीतून बाद. खाली दोन चौकोन : मान्य, अमान्य.

तृप्ती पडद्यापुढे उभी राहिली. तिच्या मनात आलं, 'मान्य' दाबलं की का म्हणून विचारतील, आणि आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे. तिनं वाक्यं मनात जुळवली. मग दाबलं. कुणी काही विचारलं नाही. पडदा हिरवा झाला आणि मोनालीचं नाव त्याच्यावरून गेलं.

मोनालीनं भांडण केलं नाही. तिनं मुलीचं दप्तर भरलं, स्कूटरवर बॅग बांधली. निघताना गोठ्याच्या दारात थांबून आत बघत म्हणाली, "मडमला शेवटच्या महिन्यात खाणं जास्त लागेल. दोन आहेत पोटात."

"काटा बघेल ते," तृप्ती म्हणाली.

"हो. तो सगळंच बघतो."

आता रोजचीच पाळी तृप्तीची. पडद्यावरच्या वजनाच्या रेघा वर चढल्या आणि वरच राहिल्या. केशरी ठिपका परत दिसला नाही. एकटी असली की ती स्वतःशी म्हणायची, बघ, मोनाली गेली आणि घट थांबली. आणखी कसला पुरावा हवा? पण हे ती रोज म्हणायला लागली, हेही तिच्या लक्षात आलं.

मामा खुशीत होते. "हिरवं हाय ना पडद्यावर?" ते दर संध्याकाळी विचारायचे. त्यांना अक्षरं नीट दिसायची नाहीत, रंग दिसायचे.

"हिरवं आहे, मामा."

"आसंच ऱ्हायाचं. बाजारला जाशील तवा जाडं मीठ आण थोडं."

"परवाच आणलं की."

"संपलं."

तिनं आणलं. म्हातारं माणूस गुरांच्या कामाला काय काय वापरतं, तिनं खोलात विचार केला नाही.

मडमनं आधी पेंड सोडली. मग हिरवा चाराही नुसता हुंगायला लागली. एका सकाळी ती उठेना. मान पोटाकडे वळवून, डोळे अर्धे मिटून पडून राहिली. तृप्तीनं तिचं तोंड वर केलं तेव्हा श्वासाला एक गोडसर वास आला, पिकून उतरलेल्या फळासारखा. तिला तो ओळखीचा वाटला. प्रयोगशाळेतला वास. ॲसिटोन.

दहिवडीहून डॉक्टर रेश्मा मुलाणी आल्या. त्यांनी लघवीत पट्टी बुडवली. पट्टी बघता बघता जांभळी झाली. "साखर उतरलीय हिची. पोटात दोन जीव ओढतायत आणि वरून पुरेसं येत नाही. मग शेळी स्वतःची चरबी जाळते. जाळता जाळता हेच विष तयार होतं." शिरेतून ग्लुकोज सोडत त्यांनी विचारलं, "खुराक का तोडला?"

"मी नाही तोडला. काटा ठरवतो. वजन रेघेच्या वर होतं तिचं. काल संध्याकाळचंच बघा."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग शेळीकडे. "हात इकडे आणा."

त्यांनी तृप्तीचा हात मडमच्या छातीखाली, दोन पुढच्या पायांमध्ये नेला. तिथे बोटांना जाड, मऊ गादी लागायला हवी होती. केसांखाली नुसतं हाड लागलं, सुरीच्या पाठीसारखं.

"पोट मोठं, अंगावर हिवाळ्याचे दाट केस. वरून कॅमेऱ्याला रुंदच दिसणार," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्यांना हात लावून बघा. आणि एक सांगा, इथे आणखी कोण असायचं ना? ती हसरी बाई?"

"माहेरी गेलीय."

डॉक्टरांनी पिशवी आवरली.

त्या गेल्यावर तृप्तीनं सगळ्या शेळ्यांना हात लावला. निम्म्या तशाच होत्या. मग तिनं कपाटातून छातीचा घेर मोजायची जुनी फीत काढली. काटा येण्याआधी त्या फितीवरच वजन ठरायचं. पुढच्या पायांच्या मागून घेर घेतला तर त्यात पोट येत नाही. मांस आणि चरबी येते. फितीप्रमाणे प्रत्येक शेळी काट्यापेक्षा हलकी निघाली, आणि फरक सगळ्यांत साधारण सारखा. तीन किलोच्या आसपास.

ती तिथेच पेंडीच्या पोत्यावर बसली. काटा बरोबर होता. फीतही बरोबर. मग मधलं जे होतं ते शेळीत होतं, पण शेळीचं नव्हतं. शेळीच्या पोटाचा पहिला कप्पा एखाद्या पखालीसारखा असतो. तहानलेली मोठी शेळी एका दमात तीन-चार लिटर पाणी सहज पिते, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सकाळपर्यंत ते मूत्रावाटे निघून गेलेलं असतं. पण टाकीच्या पाण्याचं मोजमाप काट्याकडे होतं. धारेआधी शेळ्या टाकीवर जात नव्हत्या. पाणी टाकीतून आलेलं नव्हतं.

कोपऱ्यात मामांची बादली पालथी होती, गोठ्यात फिरताना ते नेहमी हातात घेऊन असायचे ती. तृप्तीनं ती सुलटी केली. काठाला पांढरा थर धरला होता. तिनं बोट लावून जिभेला लावलं. खारट.

मामा ओसरीवर दोर वळत बसले होते.

"मामा, धारेआधी शेळ्यांना पाणी पाजता तुम्ही?"

"मग?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "पाजतो की. मीठ टाकून. नुसतं पीत न्हाईत."

"कशाला?"

"अगं, काट्यावर चढवायचंय ना जनावर! कोरडं जनावर कुणी काट्यावर चढवतं व्हय? माझ्या बापानं बाजाराला कधी कोरडं बोकड न्हेलं न्हाई. सगळेच पाजतात. घेणाऱ्यालाबी ठावं आसतं."

"मामा, हा बाजारातला काटा नाही. इथे कोण घेणार आहे?"

"काटा म्हंजे काटा," मामा म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी दोर खाली ठेवला. "तुझं नाव वर ऱ्हावं म्हणून पाजलं, पोरी. संघाची माणसं बघत्यात म्हणालीस ना तूच."

"मोनालीच्या पाळीला का नाही पाजलं?"

"तिनं पाजू दिलं न्हाई. बादली हातातनं घेतली माझ्या. म्हणली, आधी धार, मग पाणी. सुनेनं बादली हिसकून घ्यायची?" ते थांबले. "का गं? काय झालं?"

तिनं सांगितलं. वजन जास्त दिसलं की काटा खाणं तोडतो, हे तिनं त्यांना आजवर कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मामा ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे मी त्यांना उपाशी मारलं?"

ती गोठ्यात आली आणि पडद्यावर मागच्या महिन्यांचा खुराक उघडला. वजनाच्या रेघा तिनं रोज पाहिल्या होत्या, खुराकाच्या कधीच नाही. तिच्या पाळीत शेळ्या पाण्यानं जड व्हायच्या आणि खाणं तुटायचं. मोनालीच्या पाळीत त्या कोरड्या चढायच्या, वजन पडलेलं दिसायचं आणि काटा खाणं वाढवायचा. ज्या ज्या आठवड्यावर घट म्हणून खूण होती, त्याच आठवड्यात त्या पोटभर जेवत होत्या. मग ते पोटभरीचे आठवडेच बंद झाले. तिच्या एका बोटानं.

तिनं मोनालीला फोन लावला. सगळं सांगितलं, मामांचं, मिठाचं, स्वतःचं. पलीकडे चक्कीची घरघर ऐकू येत होती.

"मडम कशी आहे?" मोनालीनं विचारलं.

"उभी राहिली आज. थोडं खातेय."

"बरं."

"तू कधी येतेस?"

"बघते," मोनाली म्हणाली आणि फोन ठेवला.

बादली बंद झाली. त्या संध्याकाळी शेळ्या कोरड्या चालत गेल्या आणि सगळ्या रेघा एकदम कोसळल्या. पाट्यांत भरपूर कांडी पडली. तृप्तीला हे हवंच होतं. तिनं संघाला कारण कळवलंही. उत्तर आलं की नोंद घेतली आहे. पण काट्यापुढे कारण नव्हतं. त्याच्यापुढे फक्त एवढं होतं की वजन उतरलं आणि उतरलं तेव्हा गोठ्यात एकच माणूस होतं.

काही दिवसांतच केशरी ठिपका आला, काळजीवाहक एकच्या नावापुढे. पाठोपाठ संदेश : यांना पाळीतून कमी करण्यात यावं. संमतीसाठी आधीच्या सहकाऱ्याकडे पाठवलं आहे.

आधीची सहकारी एकच होती.

तृप्तीनं पुन्हा फोन केला नाही. काय म्हणणार होती? मोनालीनं 'मान्य' दाबलं तर त्यात चूक काय, याचा ती विचार करत राहिली, आणि तिला चूक सापडेना. गोठा हातातून गेला तर संघाचा माणूस येईल, काट्यावर भरवसा असलेला. मामा पडद्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. आता रंग सांगायची गरज नव्हती.

मुदतीच्या दिवशी सकाळी फाटकाशी स्कूटर थांबली. मोनाली एकटीच होती. बॅग नव्हती.

"मुलगी?"

"आईकडं." तिनं पदराच्या टोकानं चेहरा पुसला आणि फोन काढला. "मला आलंय हे."

"माहीत आहे."

"दाबलं नाही अजून."

'अजून' हा शब्द तृप्तीनं ऐकला. ती बाजूला झाली. मोनाली आत गेली. मडमनं तिला पाहताच मान उंचावून हाक दिली. मोनालीनं तिच्या पुढच्या पायांमध्ये हात घातला, डोळे मिटून चाचपलं. मग पुढची शेळी. मग तिच्या पुढची. कुठलीच सोडली नाही. मामा दारात येऊन उभे राहिले.

"मोनाली," ते म्हणाले, "बादली मी पार फेकून दिली बघ."

"बादलीला काय झालं होतं, मामा?" ती वर न बघता म्हणाली. "धारेनंतर पाजायला लागेलच की पाणी."

मामा दारातून मागे फिरले. थोड्या वेळानं ते मागच्या उकिरड्याकडे जाताना दिसले.

शेवटच्या शेळीपाशी मोनाली सरळ उभी राहिली आणि फोनवर काहीतरी दाबलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "अमान्य दाबलं तर हे कारण विचारतंय. तुम्हालाही विचारलं होतं?"

"नाही. मी मान्य दाबलं होतं. त्याला कारण लागत नाही."

मोनालीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की नव्हता, तृप्तीला ठरवता आलं नाही. आता पुष्कळ दिवस ठरवता येणार नव्हतं.

मोनाली एका बोटानं हळूहळू लिहीत राहिली. फोन कमरेला खोचून ती चारा घालायला वळली तेव्हा भिंतीवरचा पडदा एकदा लुकलुकला. तृप्ती जवळ गेली. काळजीवाहक एकच्या नावाखाली नवी ओळ आली होती :

'अमान्य. कारण : मी स्वतः येऊन पाहिलं.'